तालुक्याच्या प्रयोगशाळेतून चाचणी उपकरणांच्या डिझाइनकडे कसं जायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा झालाय, घर यवतमाळ जिल्ह्यात. तालुक्याच्या ठिकाणी एका कॉलेजात प्रयोगशाळांच्या देखभालीची जागा मिळते आहे. तिथे माती-पाणी तपासणीची खोली आहे आणि सिव्हिलची काँक्रीट लॅबही. ओढ मात्र चाचणीची उपकरणं स्वतः बनवण्याची आहे. ही नोकरी धरावी की सरळ पुणं गाठावं? आणि धरली तर जन्मभर 'लॅबवाले भाऊ' म्हणूनच राहावं लागेल का?

धरा. पण ती नोकरी कशी करायची हे आधी ठरवा. तिथे दोन प्रकारे दिवस काढता येतात. एक म्हणजे बंद पडलेलं उपकरण सुरू करून द्यायचं आणि पुढच्या हाकेची वाट बघायची. असं करणारा दहा वर्षांनीही तिथेच असतो. दुसरा प्रकार म्हणजे चालू असलेल्या उपकरणाचा आकडा खरा आहे की नाही हे दाखवून द्यायचं. त्यासाठी काहीतरी तपासणीची पेटी लागते. ती बाजारात मिळत नाही किंवा परवडत नाही, म्हणून बनवावी लागते. डिझाइनचं काम इथूनच सुरू होतं, पुण्यातही आणि दारव्ह्यातही.

बंद उपकरण निरुपद्रवी असतं. त्याच्यावर कागद लावून ठेवला की झालं. घात करतं ते चालू असून चुकीचं सांगणारं उपकरण. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे खाऱ्या माती-पाण्याच्या पट्ट्यातल्या, वावराला जिप्सम सांगायचं की नाही, हे बऱ्याच अंशी पीएचच्या आकड्यावर ठरतं. पांढरकवडा भागातल्या विहिरीचं पाणी प्यायचं की नाही, हे फ्लोराइडच्या आकड्यावर. तिथे मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. या अर्ध्या मिलिग्रॅमच्या पट्टीत उपकरण इकडचं तिकडे झालं की गावाला चुकीचा सल्ला जातो.

आधी वीज, मग उपकरण

आपल्या भागातल्या प्रयोगशाळांमधले निम्मे रोग उपकरणात नसतातच, भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतात. म्हणून रुजू झाल्यावर पहिले पंधरा दिवस एकही उपकरण उघडू नका. सकाळी, दुपारी आणि रात्री, शक्य असेल तर शेतीपंपांच्या थ्री फेजच्या वेळात, व्होल्टेज लिहून ठेवा. पंप सुरू असताना १८० च्या खाली आणि मध्यरात्री २६० च्या वर असे आकडे दिसले तर नवल मानू नका. त्यानंतर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजा. भार चालू असताना ते ३ व्होल्टच्या वर असेल तर पीएच मीटर, तराजू, स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं उपकरण) यांचे आकडे नाचणार. त्यासाठी कंपनीच्या माणसाला बोलावणं म्हणजे पैसे पाण्यात.

काळ्या मातीतलं अर्थिंग हा वेगळाच प्रकार आहे. ऑगस्टमध्ये मोजलं तर रोध छान १-२ ओहम येतो, कारण माती ओली आणि फुगलेली असते. मार्चनंतर तीच माती आक्रसते, बोटभर भेगा पडतात आणि पाइपाच्या भोवतीची पकड सुटते. नेमका जूनच्या पहिल्या कडकडाटात, म्हणजे विजा पडायच्या दिवसांत, अर्थिंग सगळ्यात कमजोर असतं. म्हणून अर्थ टेस्टरने मोजायचं ते मे महिन्यात. करंटची खुंटी खड्ड्यापासून ३० मीटरवर, व्होल्टेजची खुंटी त्याच रेषेत साधारण १८.५ मीटरवर, म्हणजे ६२ टक्के अंतरावर. मग ती खुंटी दोन-दोन मीटर पुढे-मागे सरकवून आकडा फारसा बदलत नाही ना, ते पाहायचं. बदलत असेल तर दोन्ही खुंट्या आणखी लांब न्यायच्या. ५ ओहमच्या वर गेलं तर खड्ड्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी, आणि कायमचा उपाय म्हणून भेगांच्या पातळीखाली जाणारा जास्त खोल पाइप. मीठ-कोळसा भरताना मीठ सढळ हाताने घालू नका. रोध पटकन उतरतो, पण जस्ताचा मुलामा दिलेला पाइप तेवढ्याच वेगाने सडतो.

दुसरा घात न्यूट्रल तुटण्याचा. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) किंवा खांबावर न्यूट्रल सुटला की एका फेजवरचं व्होल्टेज ४०० च्या जवळ जाऊ शकतं. स्टॅबिलायझर तिथे उपयोगाचा नाही, तो स्वतःच जळतो. स्टॅबिलायझरच्या आधी जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारा रिले लावा, १८५ ते २६५ या मर्यादेत, आणि वीज परत आल्यावर तीन ते पाच मिनिटं थांबणारा. या थांबण्याने बीओडी इन्क्युबेटर (पाण्याचे नमुने ठरावीक थंड तापमानाला ठेवणारं कपाट) आणि फ्रिज यांचे कॉम्प्रेसर वाचतात. मफल भट्टीला मात्र असा आपोआप चालू होणारा रिले नको. तिला कॉन्टॅक्टर (मोठ्या भाराचा विद्युत स्विच) आणि हाताने दाबायचं बटण द्या, म्हणजे रात्री दोनला लाईट आली तर भट्टी कुणी नसताना ९०० अंशांकडे निघणार नाही.

कूलरचं काय करायचं हा प्रश्न हमखास येतो. एप्रिल-मे मध्ये खोलीत ४२ अंश आणि माणसांना कूलर हवाच. पण कूलरचा झोत तराजूवर आला की चौथा दशांश स्थिर राहत नाही, वाळ्याच्या ताटीचा भुसा स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या कप्प्यात जातो, आणि ओल्या हवेने जोडण्यांवरून विजेची गळती सुरू होते. तराजू आणि पीएच मीटरला एक लहान बंद खोली आणि एसी मागा. मंजूर झाला नाही तर निदान काचेचा आडोसा करा आणि वजनं सकाळी दहाच्या आत उरकायला सांगा. साध्या ३७ अंशांच्या इन्क्युबेटरबद्दलही उन्हाळ्यात तक्रार येते, 'तापमान खाली येत नाही'. तो बिघडलेला नसतो. त्यात फक्त हीटर असतो, थंड करायची सोयच नसते. खोली ४२ वर असेल तर तोही ४२ च्या वरच असणार. हे लेखी सांगा, नाहीतर थर्मोस्टॅट बदलून बदलून वैताग येईल.

पाल कॉन्टॅक्टरमध्ये शिरून भाजणं, मुंग्यांनी रिलेच्या टोकांत घर करणं, उंदरांनी भट्टीमागची वायर आणि काचलोकर ओढून नेणं, यांचीही नोंद ठेवा. केबलच्या प्रत्येक भोकाला ग्लँड आणि पंख्याच्या तोंडाला बारीक जाळी, एवढ्यावर बरंच भागतं.

एक उपकरण जवळून: पीएच मीटर

डिझाइन शिकायला याच्यासारखं स्वस्त उपकरण नाही, म्हणून याच्यावर थोडा वेळ घालवू.

तक्रार नेहमी एकच: 'मीटर बरोबर दाखवत नाही.' पण मीटर दोन गोष्टींचं मिळून असतं, काचेचा इलेक्ट्रोड आणि त्याच्यामागचं इलेक्ट्रॉनिक्स. इलेक्ट्रोड २५ अंशांवर पीएचच्या दर एककाला ५९.१६ मिलिव्होल्ट देतो, ७ ला शून्य, आम्लाकडे धन, अल्काकडे ऋण. म्हणजे ४ ला १७७.५ मिलिव्होल्ट. अडचण अशी की काचेचा रोध शेकडो मेगोहम असतो, त्यामुळे मीटरच्या तोंडाशी जराही गळती असली की आकडा बिघडतो.

इलेक्ट्रोड आधी तपासा. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून ७ च्या बफरमध्ये (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणात) आकडा शून्याच्या आसपास हवा, ३० च्या वर गेला तर संशय धरा. ४ आणि ७ मधला फरक १७७.५ च्या निदान ९५ टक्के, म्हणजे १६८ च्या वर हवा. १६० च्या खाली गेला तर साफसफाई, तरी नाही सुधारला तर नवा. मातीच्या तपासणीत १ भाग माती आणि २.५ भाग पाण्याचा गढूळ घोळ असतो, म्हणजे २० ग्रॅमला ५० मिलिलिटर. त्यातली चिकणमाती इलेक्ट्रोडच्या बाजूच्या बारीक छिद्रात बसते आणि आकडा रेंगाळायला लागतो. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात अर्धा तास, मग पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात रात्रभर. ते द्रावण ३ मोलर, म्हणजे १०० मिलिलिटरला २२.४ ग्रॅम. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायची सवय मोडून काढा, त्यात आतलं मीठ झिरपून निघून जातं. काच फडक्याने घासू नका, टिपा.

उन्हाळ्याची आणखी एक गोम. ४० अंशांवर दर एककाला ५९ नव्हे, ६२ मिलिव्होल्ट मिळतात. मीटरवरचं तापमानाचं बटण २५ वर ठेवून फक्त ७ च्या बफरवर जुळवलं, तर ७ च्या आसपास सगळं छान दिसतं आणि ४ किंवा ९ च्या बाजूला ०.१ ते ०.१५ ची चूक येते. आपली काळी माती आठ-साडेआठच्या घरात असते, म्हणून दुसरा बफर ४ चा न घेता ९.२ चा घ्या.

आता मीटर. इलेक्ट्रोड नसताना मीटर खरं सांगतो की नाही, हे पाहायला एक पेटी बनवा. नऊ व्होल्टची बॅटरी, १० किलोओहमचा रोध, २.५ व्होल्टचा एलएम ४०४० संदर्भ, म्हणजे नेमकं तेवढंच व्होल्टेज धरून ठेवणारी चिप. त्या २.५ व्होल्टवर विभाजक (व्होल्टेज वाटून लहान करणारी रोधांची जोडी): वर १३ किलोओहम आणि २०० ओहमचा बहुफेरी ट्रिमपॉट (स्क्रूने जुळवायचा रोध), खाली १ किलोओहम. ट्रिमपॉट साधारण ८५ ओहमवर आला की खालच्या रोधावर १७७.५ मिलिव्होल्ट मिळतात. चांगल्या मल्टिमीटरने जुळवून ट्रिमपॉटवर नेलपॉलिशचा ठिपका लावा. ध्रुव उलटवायला दोन खांबी स्विच, म्हणजे ४ आणि १०. तिसरी जागा सरळ शॉर्ट, म्हणजे ७. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाहेर पडणाऱ्या तारेत १ गिगाओहमचा रोध, त्याला वळसा घालणारा एक स्विच. पेटी पत्र्याची, पत्रा बीएनसीच्या (इलेक्ट्रोड लावायच्या गोल जोडणीच्या) बाहेरच्या आवरणाला जोडलेला. प्लॅस्टिकची पेटी घेतली तर हात जवळ नेला की आकडा हलतो, आणि मग दोष मीटरचा की पेटीचा हेच कळत नाही.

तपासणी अशी. तापमान २५ वर, गिगाओहम वळसा घालून: ७.००, ४.००, १०.०० यायला हवं. मग गिगाओहम मध्ये घालून तेच तिन्ही. आकडे सरकले नाहीत तर मीटर निर्दोष, दोष इलेक्ट्रोडचा. सरकले तर कसे सरकले ते पाहा. तिन्ही आकडे एकाच दिशेने सारखे सरकले, समजा ०.१७ ने, तर मीटरच्या तोंडातून १० पिकोअँपिअरचा प्रवाह वाहतोय, कारण १० पिकोअँपिअर गुणिले १ गिगाओहम म्हणजे १० मिलिव्होल्ट. बहुधा आतला पहिला अॅम्प्लिफायर स्थिर विजेने किंवा विजांच्या दिवसांत दुखावलेला असतो. पण ७ जागेवर राहिला आणि ४ चा ४.२७ झाला, १० चा ९.७३ झाला, तर ती समांतर गळती आहे, सुमारे १० गिगाओहमची. म्हणजे जोडणीवर ओल किंवा बोटांचा तेलकटपणा. बीएनसी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन केस वाळवायच्या ड्रायरने सुकवा. पावसाळ्यात परत पाठवलेल्या मीटरांपैकी बरेच एवढ्यावर बरे होतात.

सुटे भाग हजार रुपयांच्या आत-बाहेर बसतात, नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात किंवा ऑनलाइन मिळतात. विभाजकाचे रोध मात्र ०.१ टक्क्याचे आणि अंशामागे २५ पीपीएमचे (दहा लाखात २५ भाग बदलणारे) घ्या. १ टक्क्याचे घेतले तर ट्रिमपॉटचा पल्ला पुरेलच असं नाही. १०० पीपीएमचा रोध १५ वरून ४५ अंशांवर गेला की ०.३ टक्के बदलतो. विभाजकातले दोन्ही रोध सारखेच बदलले तर वाचलात, पण त्या भरवशावर राहू नये.

बाकीची उपकरणं, थोडक्यात

तापमानाच्या सगळ्या उपकरणांसाठी पीटी-१०० ची (प्लॅटिनमच्या तापमान-संवेदकाची) पेटी याच धर्तीवर करता येते. संवेदकाच्या जागी नेमके रोध लावायचे: १०० ओहम म्हणजे ० अंश, ११४.३८ म्हणजे ३७, १४०.४० म्हणजे १०५. ओव्हनचा कंट्रोलर चुकतोय की संवेदक, हे दोन मिनिटांत कळतं. दोन तारांच्या जोडणीत तारांचा रोध १ ओहम जरी असला तरी २.६ अंशांची चूक येते. म्हणून तीन तारा.

तराजू इथे आणल्यावर इथेच जुळवावा लागतो, ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी माहीतच नसते. पुण्यापेक्षा अकोला उत्तरेला आणि उंचीने कमी. गुरुत्वाकर्षण तेवढ्याने साधारण ०.०२ टक्के वाढतं. २०० ग्रॅमवर तो फरक तीस-चाळीस मिलिग्रॅमचा, आणि तराजू दाखवतो ०.१ मिलिग्रॅमपर्यंत! आत वजन असलेला तराजू स्वतः जुळवून घेतो, बाकीच्यांना प्रमाणित वजन लागतं. ते चिमट्याने उचला.

काँक्रीटच्या लॅबमधल्या दाबयंत्राची तक्रार बहुधा ठेकेदाराकडून येते, आणि बहुधा यंत्र निर्दोष असतं. दाब वाढवायचा वेग मिनिटाला चौरस मिलिमीटरमागे १४ न्यूटन हवा, म्हणजे १५० मिलिमीटरच्या क्यूबला सेकंदाला ५.२५ किलोन्यूटन. घाईत व्हॉल्व्ह जास्त उघडला की क्यूब खऱ्यापेक्षा जास्त ताकदीचा दिसतो. यंत्रावर वेग दाखवणारा आकडा नसेल तर लोड सेलवरून (दाब मोजणाऱ्या संवेदकावरून) तो काढून दाखवणारा छोटा डिस्प्ले हे तुमच्यासाठी उत्तम दुसरं डिझाइन. वरच्या पाटीचा गोल सांधा मोकळा फिरतो का तेही पाहा. त्यात सिमेंटचा चुरा अडकला की एका बाजूने दाब येतो आणि क्यूब आधीच फुटतो.

डिस्टिलेशन युनिट: आपल्या जड पाण्याने हीटरवर क्षार चढतात, महिन्याला सायट्रिक आम्लाने उतरवा आणि पाणी संपलं की वीज तोडणारा फ्लोट स्विच लावा. फ्लेम फोटोमीटर (ज्योतीच्या प्रकाशावरून सोडियम-पोटॅशियम मोजणारं): कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साचतं, रोज सकाळी गाळणीचा नळ सोडा. स्पेक्ट्रोफोटोमीटर: पावसाळ्यात आरशांवर बुरशी, सिलिका जेल बदलत राहा, हॅलोजन बल्ब उघड्या बोटांनी धरू नका. बस.

वही

प्रत्येक उपकरणाला एक पान. तारीख, लक्षण, मोजलेला आकडा, केलेला उपाय, नंतरचा आकडा. 'दुरुस्त केले' असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. 'गिगाओहममधून ४.२७, बीएनसी धुतल्यावर ४.०१' असं लिहा. वर्षभराने ही वही उलगडली की एकच दोष पाच-सहा वेळा आलेला दिसतो. तुमचं पुढचं डिझाइन कोणतं, हे त्या पानावरून ठरवा. इंटरनेटवरचा प्रकल्प बघून ठरवू नका.

देखभालीचं वेळापत्रक हंगामाशी बांधा. माती परीक्षणाची गर्दी रब्बी निघाल्यावर, एप्रिल-मे मध्ये, पेरणीच्या आधी. तेव्हा उपकरण उघडं पडलेलं चालणार नाही, म्हणून त्यांचं काम फेब्रुवारीत. बांधकाम खात्याचे क्यूब मार्चअखेर ढिगाने येतात, दाबयंत्राचं वार्षिक कॅलिब्रेशन (प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहणं) त्याआधी डिसेंबरमध्ये. कापसाचा ओलावा मोजणारी उपकरणं दसऱ्याच्या आधी.

डिझाइन म्हणजे नेमकं काय

चाचणी उपकरण बनवताना पहिला कागद सर्किटचा नसतो. त्यावर तीन ओळी असतात: काय मोजायचं, किती चूक चालेल, आणि कोण वापरणार. चालणाऱ्या चुकीच्या चौथ्या भागाइतकीच चूक तुमच्या पेटीत असावी, हा जुना आणि चांगला नियम. पीएच ०.१ पर्यंत बरोबर हवा असेल, तर पेटी ०.०२५ च्या आत, म्हणजे दीड मिलिव्होल्टच्या आत. मग भाग निवडायचे.

दुसरं, पेटी स्वतः सारखा आकडा देते का. मोजायचे दहा नग, तीन माणसं, प्रत्येकाने तीन-तीन वेळा. एकाच नगाच्या आकड्यांमधला पसरा, सगळ्या आकड्यांच्या एकूण पसऱ्याच्या तुलनेत, १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, ३० च्या वर असेल तर पेटी टाकाऊ. इथे बहुतेक डिझाइन आपटतात, आणि कारण क्वचितच चिप असतं. बहुधा जोडणी असते. बीएनसीचं आयुष्य साधारण ५०० वेळा लावण्या-काढण्याचं. रोज दहा मीटर तपासले तर दोन महिन्यांत संपलं. म्हणून तोंडाला एक स्वस्त जोड-तुकडा 'बळीचा' म्हणून लावा, झिजला की तोच बदलायचा. सर्किट बोर्ड तपासायच्या स्प्रिंगच्या पिनांचंही तसंच, टोकावर फ्लक्स चिकटला की आकडे उड्या मारतात. लहान रोध मोजायचा असेल तर चार तारांनी मोजा, नाहीतर तुम्ही पिनांचाच रोध मोजत बसाल.

तिसरं, ऊन. खोलीत ४५ असेल तर बंद पेटीत ६० सहज होतं. साधे भाग ७० पर्यंतच चालतात, आणि इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना निम्मं होतं. वीजपुरवठा आणि मोजमापाचा भाग वेगळ्या कप्प्यात ठेवा. काळा पावडर कोट दिसायला छान, पण पेटी जीपमधून फिरणार असेल तर पांढराच बरा.

कापूस-पट्ट्यात करण्यासारखं एक मोठं काम म्हणजे आर्द्रतामापक तपासायची पेटी. खरेदी केंद्रावर ८ टक्के की १२ टक्के यावर शेतकरी आणि ग्रेडर यांचा वाद रोजचा. दोन सुया खुपसून मोजणारं मापक खरं तर कापसाचा विद्युतरोध मोजतं. ओलावा आठवरून नऊ टक्के झाला की रोध तीन-चार पटींनी घसरतो. त्यामुळे मेगोहम ते गिगाओहमचे ठरावीक रोध बसवलेली पेटी मापकाला लावली की इलेक्ट्रॉनिक्स जागेवर आहे का ते कळतं. सरकीसकट कापूस, दाबाचा फरक, गाठीचं तापमान हे प्रश्न उरतातच, ते पेटीने सुटत नाहीत. पेटीत रोध फायबरच्या बोर्डावर सोल्डर करू नका. पावसाळ्यात बोर्डच रोधाइतका वाहू लागतो. टेफ्लॉनच्या खुंट्यांवर हवेत बसवा.

इथे एक सावधगिरी. व्यापारात वापरायचं वजन-माप, म्हणजे धान्याचा काटा, दुधाचं माप, बनवणं, विकणं किंवा दुरुस्त करणं यासाठी वैधमापन अधिनियम, २००९ खाली परवाना लागतो. ओळखीच्या अडत्याने काटा उघडायला सांगितला तरी सील तोडू नका. प्रयोगशाळेतला तराजू वेगळा, बाजारातला वेगळा.

पुणे की इथेच

दोन ते तीन वर्षं इथे काढा. या काळात सोल्डरिंग, ऑसिलोस्कोप, सर्किट वाचणं हे हाताखालून जाऊ द्या. की-कॅड या सॉफ्टवेअरवर सर्किट बोर्ड काढायला शिका, ते फुकट आहे. मायक्रोकंट्रोलरवर आकडे घेऊन पायथनमध्ये नोंद आणि आलेख एवढं यायला हवं. खराद यंत्रावर एक-दोन महिने कुणाच्या हाताखाली बसा. धातूकाम न कळणाऱ्याची पेटी टेबलावर शोभते, पण लॅबमध्ये टिकत नाही. आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीतले कॅलिब्रेशन आणि अनिश्चिततेचे भाग नीट वाचा. पदवीची इच्छा असेल तर डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. पण वही आधी भरू द्या, मग अभ्यासातला प्रत्येक धडा कुठेतरी बसतो.

त्यानंतर दारं बरीच आहेत. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस इथली औष्णिक केंद्रं आणि वणी-बल्लारपूरच्या खाणी, जिथे कोळशाच्या प्रयोगशाळांमध्ये राखेसाठी ८१५ अंशांची भट्टी आणि उष्मांकासाठी बाँब कॅलोरीमीटर रोज चालतात. गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने. भंडारा आणि भद्रावतीच्या आयुध निर्माण्या. सेवाग्रामसारखी रुग्णालयं, जिथे हेच काम बायोमेडिकल नावाने चालतं. नागपुरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, कापूस संशोधन संस्था, बुटीबोरीचे कारखाने. उपकरण कंपन्यांना विदर्भासाठी सर्व्हिस इंजिनिअर लागतातच. तिथे फिरणं फार, पण दोन वर्षांत चाळीस प्रयोगशाळा आतून बघायला मिळतात. पुण्या-बंगळुरूला नुसत्या डिझाइनची कामं जास्त आणि चांगली आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. मोठ्या प्रमाणावर बोर्ड तपासायची स्वयंचलित यंत्रं करायची असतील तर तिकडे जावंच लागेल. पण रिकाम्या हाताने गेलात तर तिथे दुसऱ्याने आखलेली चाचणी चालवत बसाल.

कॉलेजच्या नोकरीत एक गोष्ट रुजू होतानाच बोलून घ्या: वार्षिक सुट्या भागांसाठी छोटी रक्कम आणि वापरलेला का होईना, एक साडेपाच आकडी मल्टिमीटर. कॅलिब्रेट केलेला मीटर नसेल तर तुमच्या सगळ्या पेट्या एकमेकींच्या साक्षीदार, बाहेरचा कुणीच नाही. त्याचं कॅलिब्रेशन वर्षातून एकदा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून करून घ्या आणि प्रमाणपत्रावरचा नुसता शिक्का न बघता त्यात मीटर कुठे किती चुकतो ते आकडे वाचून पेटीच्या झाकणावर आतून चिकटवा.

मुलाखतीला जाताना फाइलीबरोबर ती पीएचची पेटी आणि वही घेऊन जा. पेटीला स्क्रू चारच ठेवा, समोरचा माणूस उघडून बघणारच.